त्या मावशींची न फोडलेली पाकिटं

प्रश्न : पत्र मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून आलं आहे. लिहिणारी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील एसटीत वाहक, आई शिवणकाम करते, घराण्यात डॉक्टर होणारी ही पहिलीच. तिला संशोधन करायचं आहे. वसतिगृहातले सीनियर म्हणतात, 'नीट पीजीला पेपरचे मार्क नसतात, वेळ घालवू नकोस.' दुसरे म्हणतात, 'परदेशी जायचं असेल तर पेपर हवेतच.' एका टेलिग्राम ग्रुपवर बारा हजार रुपये भरले की एका रिव्ह्यू लेखात तिसरं नाव मिळतं. 'तुला काही करावं लागणार नाही,' असं तिला सांगण्यात आलं आहे. पैसे वडिलांकडे मागायचे का, यावर ती पंधरा दिवस झोपलेली नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) विद्यार्थी योजनेबद्दल तिने ऐकलं आहे, पण 'आमच्या कॉलेजात साधी लॅब धड नाही, विषय कुठून आणू?' असं ती विचारते. पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यकाच्या, मॅडम मार्गदर्शन करायला तयार आहेत, पण 'खरं संशोधन क्लिनिकलमध्ये असतं, पीएसएममध्ये काय नुसते फॉर्म भरायचे,' असं मित्रमैत्रिणी म्हणतात. पत्राच्या शेवटी, सहज लिहावं तशी एक ओळ आहे : मेडिसिनच्या ओपीडीत बीपी १९०/११० घेऊन आलेल्या एका मावशींच्या पिशवीत गोळ्यांची तीन पाकिटं न फोडलेली होती. का घेतल्या नाहीत विचारल्यावर त्या म्हणाल्या, 'गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतं. कापसात कुठं जाऊ, बाई?'

उत्तर :

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना बारा हजारांपाशी थांबले, कारण राग आला. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीपाशी थांबले आणि तिथून पुढे गेलेच नाही. विषय कुठून आणू, असं तू तीन पानं विचारते आहेस आणि चौथ्या पानावर विषय स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहेस.

त्याकडे येतेच. आधी त्या बारा हजारांचं बोलू.

वडिलांकडे ते पैसे मागू नकोस. तुझ्या घरची परिस्थिती बेताची आहे म्हणून नव्हे, पैसे उतू जात असते तरी हेच सांगितलं असतं. लेखावर नाव कुणाचं असावं याचे जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांनी मानलेले चार निकष आहेत. अभ्यासाच्या कल्पनेत, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात ठोस वाटा असावा. लेख लिहिण्यात किंवा कसून तपासण्यात हात असावा. शेवटच्या मसुद्याला संमती दिलेली असावी. आणि उद्या कुणी बोट ठेवलं तर उत्तर देण्याची जबाबदारी घेतलेली असावी. चारही लागतात. 'तुला काही करावं लागणार नाही' या वाक्यात चारही निकष मोडतात. असा लेख पुढे मागे घेतला गेला, तर मागे घेतल्याच्या शिक्क्याखाली तुझंही नाव कायम राहतं. आणि मुलाखतीत कुणी 'या आकड्यांचं विश्लेषण कसं केलंत?' एवढंच विचारलं तर तू काय सांगणार?

सीनियर जे म्हणतात त्यात तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. आपल्याकडे एमडी-एमएसचा प्रवेश नीट पीजीच्या गुणांवर होतो, संशोधनाला त्यात एकही गुण नाही. अमेरिकेच्या प्रवेश परीक्षेची पहिली पायरी २०२२पासून नुसती पास-नापास झाली, तेव्हापासून तिकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांवर लेखांचा आकडा वाढवायचं दडपण आलं आहे. शिक्षकांनाही बढतीसाठी लेख लागतात. मागणी अशी सगळीकडून असली की बाजार उभा राहतोच. तुला हे सगळं समजून घ्यायला हवं, कारण तू या बाजाराशी झुंजते आहेस आणि तुला वाटतं आहे की आपणच कुठेतरी कमी पडतो. पण पदव्युत्तर प्रवेशाला उपयोग नाही म्हणजे काहीच उपयोग नाही, ही उडी मला मान्य नाही. आज जी मुलगी शंभर माणसांना एकच प्रश्न नीट विचारायला शिकते, तिची रुग्णाची हिस्टरी, म्हणजे दुखण्याची हकिकत, घेण्याची पद्धत आयुष्यभरासाठी बदलते. हे मी तीस वर्षं पाहिलं आहे.

आता 'आमच्या कॉलेजात काही नाही' याबद्दल. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान मुलं दगावत होती. त्यांच्याकडे होतं काय? बीपीचं यंत्र, स्टेथोस्कोप, वही आणि रोग्याच्या उशाशी रात्रभर बसायची तयारी. आधी घाम सुटतो, उलटी होते, हातपाय गार पडतात, मग फुप्फुसात पाणी भरतं, हा क्रम त्यांनी बघून बघून नोंदवला. १९८२मध्ये ते निरीक्षण 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे प्राझोसिन या बीपीच्या साध्या गोळीने त्यांनी कितीतरी जीव वाचवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने निरक्षर दायांना न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी दिली : बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३९ गावांत हे काम झालं आणि ४७ गावं तुलनेसाठी होती. ही उदाहरणं तुला थोर माणसांची म्हणून देत नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न समोरच्या माणसातून आला आणि मोजायचं साधन हाताशी होतं तेच वापरलं, म्हणून देते.

तुझ्या मावशींकडे वळू.

त्यांनी जे सांगितलं त्यात औषधशास्त्र आहे, शेती आहे आणि शौचालयाचा प्रश्न आहे. बीपीच्या उपचारात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन दिलं असेल तर लघवीला जास्त जावं लागतं, विशेषतः सुरुवातीचे काही आठवडे. पुढे हा त्रास बहुतेकांचा कमी होतो, पण ते त्यांना कुणी सांगितलं? ओपीडीत एका रुग्णाला मिळणाऱ्या दोन मिनिटांत ते राहून जातं. पुरुष बांधाला जाऊन येतो. बाई दिवसभर रांगेत कापूस वेचते, आडोसा नाही, मुकादम समोर. तिने गोळीच बंद केली, हा तिच्या बाजूने अगदी शहाणपणाचा निर्णय आहे. आपण केसपेपरवर काय लिहितो? 'नॉन-कम्प्लायंट', म्हणजे सांगितलेलं न ऐकणारी.

पण इथे थांब. एक मावशी म्हणजे अभ्यास नव्हे. त्यांना एकदा विचारून तुला एक शंका आली, एवढंच. बाकीच्या बायकांनी गोळी वेगळ्याच कारणाने सोडली असेल : बीपी उतरलं, बरं वाटलं, महिन्याच्या गोळ्या संपल्या आणि पुन्हा रुग्णालयात यायचं तर एक रोज बुडतो. तुझं कारण पाचव्या क्रमांकावर निघेल, कदाचित निघणारही नाही. तसं निघालं तर तेच लिहायचं. आवडता निष्कर्ष मनात धरून फॉर्म बनवणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. 'लघवीच्या त्रासामुळे गोळी बंद केली का?' असं विचारलंस तर निम्म्या बायका तुझं मन राखायला 'हो' म्हणतील. 'मागच्या महिन्यात कोणत्या दिवशी गोळी राहिली? त्या दिवशी काय काम होतं?' असं विचार आणि गप्प बस. त्यांना बोलू दे.

भाषेचंही तसंच. मी एमडी करत होते तेव्हा माझ्या प्रश्नावलीत 'आपणास धाप लागते का?' असं छापलं होतं. चाळीस घरं झाली, जवळजवळ सगळ्यांचं उत्तर 'नाही'. एका घरी आजीबाई पायरीवर बसून तोंडाने श्वास घेत होत्या आणि मला 'नाही' म्हणत होत्या. त्यांची सून आतून ओरडली, 'अगं, दम लागतो का विचारतायत!' आजी म्हणाल्या, 'मग दम तर लागतोच की.' ते चाळीस फॉर्म मी फाडून टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. महिना गेला. तू हे आधीच कर : प्रश्नावली दहा जणींवर वापरून बघ, ज्या प्रश्नाला समोरची बाई 'म्हणजे?' म्हणाली तो बदल.

आता क्लिनिकल की पीएसएम. तुझ्या विषयात ही भिंत कुठे उभी करणार, मला सांग. ओपीडीत बसून अभ्यास केलास तर ओपीडीत आलेल्याच बायका भेटतील. ज्यांनी गोळ्या सोडल्या आणि येणंही सोडलं, त्या तुझ्या आकडेवारीत कधीच येणार नाहीत, आणि तुझा प्रश्न तर नेमका त्यांच्याबद्दल आहे. त्या भेटतील गावात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात तुम्हाला काही कुटुंबं दिलेली असतात. बहुतेक मुलं तिथे जाऊन लॉगबुकवर सही घेऊन परततात. तुझी ती कुटुंबं आणि त्यांची आळी हाच तुझा अभ्यासाचा दुसरा भाग होऊ शकतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. रुग्णालयाच्या भिंतीबाहेरचं शिक्षण तिथे मुळापासून धरलेलं आहे. तुझ्याकडे त्यातलं थोडं का होईना, चालून आलं आहे. म्हणून मेडिसिनचे एक सर आणि पीएसएमच्या मॅडम अशी जोडी जमव. मुख्य मार्गदर्शक मॅडम असू देत. त्या स्वतःहून तयार आहेत, ही लहान गोष्ट नाही. विद्यार्थ्याचा मसुदा वाचायला वेळ काढणारा मार्गदर्शक हा कुठल्याही यंत्रापेक्षा दुर्मीळ असतो.

आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९पासून चालू आहे आणि ती नेमकी तुझ्यासारख्यांसाठी आहे. पदवीचे विद्यार्थी, आपल्याच महाविद्यालयात, आपल्याच शिक्षकाच्या हाताखाली, दोन महिन्यांचं काम. एका मार्गदर्शकाला एकच विद्यार्थी घेता येतो, म्हणून मॅडमचा शब्द आजच घे, दुसऱ्याने घेण्याआधी. अलीकडे मानधन ५०,००० रुपये आहे. पण ते अहवाल मंजूर झाल्यावर मिळतं, तेव्हा झेरॉक्स, एसटीचं भाडं असा सुरुवातीचा खर्च धरून चल. अर्जाचं वेळापत्रक दर वर्षी थोडं पुढेमागे होतं. जाहिरात येण्याची वाट बघत बसू नकोस, कारण सगळ्यात जास्त वेळ जातो तो एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या महाविद्यालयाच्या समितीत. कमिटी दर आठवड्याला बसत नाही. तुमच्याकडे पुढची बैठक कधी आहे आणि कागद किती दिवस आधी द्यायचे, हे कार्यालयात जाऊन विचारून ये. या एका कामासाठी कुणाचीच परवानगी लागत नाही, उद्याच जा.

परवानगीआधी मात्र एकही फॉर्म भरायचा नाही. जुने केसपेपर चाळून माहिती काढायची असली तरी नाही. पुष्कळ मुलांना वाटतं की कागदांना कुठे संमती लागते. लागते, निदान कमिटीला विचारावं तरी लागतं. संमतीपत्र मराठीत हवं, आणि तुझ्या आईला एका वाचनात कळेल असं हवं. तिच्यासमोरच वाचून बघ. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार लागतो. आणि 'तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या औषधात काही फरक पडणार नाही' हे वाक्य नुसतं छापायचं नाही, तोंडाने सांगायचं. पांढरा कोट घातलेल्या माणसाला आपल्याकडे नाही म्हणता येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

किती बायका घ्यायच्या? पीएसएमच्या पुस्तकातलं तेच सूत्र : चार पीक्यू भागिले एल वर्ग. समजा गोळ्या चुकवणाऱ्या १००त ४० असतील असं आधीच्या एखाद्या अभ्यासातून दिसलं, तर पी ४०, क्यू ६०. एल म्हणजे चालवून घ्यायची चूक. ती दहा टक्के धरलीस तर ४ गुणिले ४० गुणिले ६० भागिले १००, म्हणजे ९६. नाही म्हणणाऱ्या, अर्धवट सोडून जाणाऱ्या धरून ११० ठेव. आठ आठवडे आहेत, आठवड्याला १४ जणी. जमण्यासारखं आहे. पाच टक्के चुकीचा हट्ट धरलास तर आकडा ३८४ होतो, आणि मग रात्री खोलीत बसून फॉर्म भरायचा मोह होतो. हा मोह खरा असतो, चांगल्या मुलांनाही होतो. त्यावर उपाय एकच, सुरुवातीलाच आकडा आवाक्यात ठेवणं.

बीपी मोजताना एक गोष्ट सांभाळ. तुमच्या ओपीडीचं रजिस्टर सहज उघडून बघितलंस तर १३०/८०, १४०/९०, १५०/९० अशी रांग दिसेल. माणसांचं बीपी काही शून्यावरच संपत नसतं, आपण घाईत ते गोल करतो. तुझ्या अभ्यासात १४०/९० हीच नियंत्रणाची रेघ असणार, म्हणजे १३८ला १४० लिहिलंस तर ती बाई रेघेच्या पलीकडे गेली. बसवून पाच मिनिटं शांत राहू दे, हात टेकलेला, दंडाला बसेल असा कफ, दोन वेळा मोज आणि दिसलं तेच लिही. गोळ्या घेतल्या की नाही यासाठी मॉरिस्कीची प्रश्नावली नेटवर सापडते आणि मुलं ती सरळ उचलतात. तिला परवाना लागतो आणि तो न घेतल्याने अडचणीत आलेले अभ्यास आहेत. त्यापेक्षा पाकिटातल्या गोळ्या मोज. त्या मावशींच्या पिशवीत तू नकळत तेच केलंस.

कापूस वेचणीचा हंगाम तुझ्या दोन महिन्यांत पडेल असं नाही. नाही पडला तर अभ्यास दुबळा होईल का? थोडा होईल, कारण आठवणीवर विसंबावं लागेल. तसं अहवालात मोकळेपणाने लिहायचं. खुरपणीचा किंवा सोयाबीन काढणीचा काळ मिळाला तर तोही चालेल. बाईला आडोसा तिथेही नसतो.

निवड झाली नाही तर? अर्ज पुष्कळ येतात आणि चांगलेही मागे पडतात. पण एथिक्स कमिटीची परवानगी हातात असेल तर मॅडमबरोबर तोच अभ्यास तू मानधनाशिवाय करू शकतेस. इलेक्टिव्हचे, म्हणजे आपल्या आवडीचा विषय निवडून शिकायचे, आठवडे त्यासाठी वापरता येतात. 'सर्च'चा 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम २००६पासून चालू आहे, त्याच्या शिबिरात तुझ्यासारखेच प्रश्न घेऊन आलेली मुलं भेटतील. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचे आरोग्य संशोधनावरचे ऑनलाइन अभ्यासक्रम एनपीटीईएल या शिक्षणाच्या संकेतस्थळावर असतात, रात्री वसतिगृहात बसून करता येतात. पण मुंबई-पुण्याला मोठ्या संस्थेत दोन महिने गेल्याशिवाय संशोधन होत नाही, ही समजूत सोड. तिथे जाऊन कुणाच्या तरी अभ्यासातल्या टेस्ट ट्यूबवर चिठ्ठ्या चिकटवून परतलेली मुलं मी पाहिली आहेत. तुझा प्रश्न तिथे नाहीच, तो तुमच्या ओपीडीच्या बाकावर बसला आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. विषय शोधायचा असेल तर महिनाभर खिशात छोटी वही ठेवा. पोस्टिंगमध्ये जे वाक्य ऐकून चमकलात, ते रुग्णाच्याच शब्दांत लिहून ठेवा, नावगाव मात्र लिहू नका. 'इन्सुलिनची बाटली माठाजवळ ठेवते.' 'टीबीची गोळी उपाशीपोटी घेतली की चक्कर येते, म्हणून जेवल्यावर घेतो.' महिनाअखेरीस पाच वाक्यं घेऊन शिक्षकांकडे जा. 'सर, एखादा टॉपिक द्या' म्हणणाऱ्याला काय द्यावं हे शिक्षकांना सुचत नाही. पाच वाक्यं घेऊन आलेल्या मुलाला ते खुर्ची देतात.

तुझ्यासाठी शेवटचं, आणि हे सगळ्यात आधी करायचं आहे. त्या मावशींचा केसपेपर नंबर तुझ्याकडे असेल किंवा युनिटच्या रजिस्टरमध्ये सापडेल. रेसिडेंट डॉक्टरांना गाठ आणि सांग की त्या गोळी का घेत नाहीत. औषध बदलायचं की वेळ बदलायची, ते ठरवतील. गावच्या आशाताईंचा नंबर मिळव आणि मावशींना पुढच्या ओपीडीच्या दिवशी बोलावून घे. १९०/११०चं बीपी अभ्यासाच्या मंजुरीसाठी थांबत नाही. त्या आल्या की त्यांच्या शेजारी बस आणि विचार, आता सकाळी कापसाला किती वाजता निघता?